शनिवारची साखर

नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ वाट चुकून गावाच्या बाजूला आला तर काय करायचं, हे लाखनीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वनखात्याला फोन करायचा. मग जाळी येते, पिंजरा येतो, भोंगा येतो आणि या सगळ्यांच्या आधी मोबाईलवाली गर्दी येते. मुंग्या आल्या तर फोन कोणाला करायचा, हे मात्र मला वयाच्या साठीपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. वाघाला २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या दिमतीला साहेब आहेत, जीप आहेत, त्याची गणती होते. मुंग्यांचीही एक गणती २०२२ साली प्रसिद्ध झाली. जगभरातल्या पाहण्यांची बेरीज करून शास्त्रज्ञांनी आकडा काढला, २ वर १६ शून्यं. माणसं आठशे कोटी धरली तर दरडोई २५ लाख मुंग्या पडतात. माझ्या वाट्याच्या सगळ्या यंदा आषाढात आमच्या ओट्यावर हजर होत्या. काही जास्तीच्या दिसल्या, त्या तुमच्या असतील.

आमचं घर महामार्गापासून आत, गावाच्या शेवटच्या लेआउटात आहे. लेआउट पडण्याआधी इथे धानाच्या बांध्या होत्या, मागच्या सांदवाडीच्या भिंतीपलीकडे अजूनही आहेत. रोवणा लागला की बांध्यांत पाणी धरतात, आणि धुऱ्याच्या मातीत सुखानं नांदणाऱ्या मुंग्या अंडी तोंडात धरून उंचावरची कोरडी जागा शोधायला निघतात. त्या पंचक्रोशीत सर्वांत उंच आणि कोरडं काय असेल, तर गृहकर्ज काढून बांधलेला माझा जोता. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मुंग्यांच्या बाजूनं पाहिलं तर तो निव्वळ पूरग्रस्त जिल्हा आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, त्याच्या पुनर्वसनाच्या गोष्टी आम्ही अजून ऐकतो आहोत. मुंग्यांचं पुनर्वसन एका रात्रीत झालं, तेही गॅस, पाणी आणि साखरेच्या सोयीसह.

सकाळी सहाला हाक आली, "अजी, इकडे या जरा. चष्मा लावून या."

चष्म्याचं कारण असं, की चष्मा नसला तर मला चहावर तरंगणारी मुंगी चहापत्ती वाटते. मुंगी खाल्ली की नजर चांगली होते असं लहानपणी मोठी माणसं सांगायची. मी आजवर नकळत जेवढ्या खाल्ल्या, तेवढ्यांत मला चष्मा लागायलाच नको होता.

ओट्यावर कडप्प्याच्या कडेनं एक तांबूस दोरा ताणून धरला होता. जवळ वाकलो तर दोरा चालत होता. एक धार साखरेच्या डब्याकडे जात होती, एक डब्याकडून येत होती, आणि मधे कोणी समोरासमोर आलंच तर दोघी क्षणभर थांबून, मिशांना मिशा लावून, काहीतरी विचारून पुढे जात होत्या. आमच्या गावातल्या बाया बाजाराच्या दिवशी रस्त्यात भेटतात तेव्हा इतक्या कमी वेळात कधीच सुटत नाहीत. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. ते घट्ट आहे हा आमचा समज होता. आमच्याच भागातून चुलबंद नावाची नदी वाहते, तिला हे नाव कोणी आणि का दिलं ते त्या सकाळी मला पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं.

पहिला उपाय आईनं सांगितला. आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे एकच औषध आहे.

"हरद टाक."

हळद टाकली. मुंग्या हळदीपाशी आल्या, थबकल्या, थोड्या गोंधळल्या आणि पाचेक मिनिटांत तिला वळसा घालून गेल्या. हळद त्यांना आवडत नाही हे खरं, पण नावडत्या गोष्टीला वळसा घालणं हे काम माझ्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसालाही जमतं, तर मुंगीला काय अवघड? ओटा पिवळा झाला, पुसायचं फडकं पिवळं झालं आणि दुपारचं वरण आपोआप पिवळं झालं.

दुसरा उपाय बायकोच्या माहेरचा. आलमारीच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. हा उपाय खरोखर गुणी आहे. जाळीच्या आलमाऱ्यांच्या काळापासून घरोघरी चालत आला आहे, आणि पाणी रोज बदललं तर मुंगी ते ओलांडत नाही. रोज बदललं तर. चौथ्या दिवशी पाण्यावर धुळीची साय आली, आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यात टेकवलेल्या खराट्याची एक काडी वाटीच्या काठावरून आलमारीच्या पायाला टेकली. लाखनीच्या उड्डाणपुलाचं काम किती वर्षं चाललं ते आम्ही धूळ खात पाहिलं आहे. मुंग्यांनी त्या काडीवरून दुपदरी वाहतूक सुरू करायला एक रात्र घेतली, वळणरस्ताही काढला नाही.

पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, व्हिनेगर मारा." लाखनीत व्हिनेगर मागितलं तर दुकानदार चायनीजच्या गाडीकडे बोट दाखवतो. कोणी लवंग सांगितली, कोणी काकडीची सालं, कोणी कापूर. या सगळ्यानंतर ओट्याला देवघराचा वास येत होता आणि मुंग्या त्यातून दर्शनाच्या रांगेसारख्या शिस्तीत चालल्या होत्या. शेजारचे राईस मिलवाले भाऊ कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, हे बायाबापड्यायचे उपाय सोडा. फवारा मारा." मी मारला. ओटा अर्ध्या मिनिटात साफ झाला. जिंकल्याच्या आनंदात मी चहा मागितला. संध्याकाळी एक रांग देवघरात निघाली आणि दुसरी न्हाणीत.

इथे मला थोडं वाचावं लागलं. शिक्षकाचं असंच होतं, हरला की पुस्तक उघडतो. पुस्तकातून कळलं ते असं, की ओट्यावर दिसतात त्या मुंग्या म्हणजे वारुळातून बाजारहाटाला निघालेल्या थोड्याशा. बाकीचा गोतावळा आणि राणी आतच असते. तुम्ही फवाऱ्यानं बाजार साफ करता, घर तसंच राहतं. काही जातींत तर वारुळाला एकाहून जास्त राण्या असतात. धोका वाटला की त्या आपापले भाग घेऊन वेगळ्या निघतात, आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात तशा. १७५८ साली लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं जिला इजिप्तच्या फॅरोचं नाव दिलं, ती घरातली पिवळट चिमुकली मुंगी या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. फवारा मारणारा माणूस एका कुटुंबाची दोन कुटुंबं करून देतो. तेव्हा माझ्या न्हाणीतली रांग हा माझ्याच पराक्रमाचा विस्तार असावा. राणीचं आयुष्यही साधं नव्हे. एका जातीची राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एवढ्या काळात आमच्या गावानं किती आमदार पाहिले असतील.

आणखी एक कळलं, ते मी उत्साहानं जेवताना सांगितलं. रांगेतली प्रत्येक मुंगी मादी असते. नर वारुळात असतो, पण काम करत नाही. पहिल्या पावसानंतर पंख लावून एकदा उडतो, लग्न करतो आणि मरतो. 'मुंगीला पंख फुटले' असं आपण ज्या अर्थानं म्हणतो तो नराच्या बाबतीत तंतोतंत खरा आहे. मुक्ताबाईच्या अभंगातल्या उडणाऱ्या मुंगीला लोक सातशे वर्षं कोडं म्हणतात, पण मृगाच्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या दिव्याखाली हे कोडं टोपलीभर पडलेलं असतं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, ताट उचललं आणि म्हणाली, "रांगेत सगळ्या बायाच आहेत, हे मले वाटलंच होतं. एवढं काम करून राहिल्या ना."

मी लहान होतो तेव्हा हे सगळं वाचायची गरज नव्हती. धानाच्या ढोलीभोवती बाबा गॅमेक्सिनची पावडर हातानं पेरायचे, चुन्याची रांगोळी घालावी तशी. मग हात धोतराला पुसायचे आणि जेवायला बसायचे. आम्ही भावंडं त्या पांढऱ्या रेघेवरून उड्या मारत खेळायचो. त्या पावडरीच्या मूळ मालावर, बीएचसीवर, १९९७ साली बंदी आली, आणि तिची शुद्ध आवृत्ती लिंडेन, ती २०१३ साली बंद झाली. आम्ही जगलो, मुंग्याही जगल्या. बंदी फक्त पावडरीवर आली.

मग मला फाइनमन सापडला. रिचर्ड फाइनमन हा अमेरिकेतला मोठा भौतिकशास्त्रज्ञ, १९६५ चा नोबेलवाला. त्याच्याही घरात मुंग्या झाल्या होत्या, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यानं काय केलं, तर न्हाणीच्या टबाच्या कडेला साखर ठेवली आणि एकेका मुंगीच्या मागे रंगीत पेन्सिलीनं रेघ ओढत गेला. साखर सापडलेली पहिली मुंगी घरी जाताना वेडीवाकडी गेली. तिच्या मागची त्याच वाटेनं, पण थोडी वळणं कापून. असं करत करत वाट सरळ झाली. आखणी कोणी केली नाही, मोजणीवाला आला नाही, रस्ता मात्र सरळ. खाऊन परतणारी मुंगी पोटाच्या टोकानं वासाची रेघ सोडत जाते आणि मागची तिच्यावर आणखी एक हात फिरवते, एवढाच तो कारभार. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ई. ओ. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं या वासांचा माग काढला. त्याचा एक प्रयोग मला फार लागला. मेलेल्या मुंगीच्या अंगाला येणारा वास त्यानं जिवंत मुंगीला लावला. बाकीच्यांनी तिला उचललं आणि नेऊन मुडद्यांच्या ढिगावर टाकलं. ती हातपाय झाडत परत आली, त्यांनी पुन्हा नेऊन टाकलं. अंग स्वच्छ चाटून वास जाईपर्यंत तिला कोणी जिवंत मानायला तयार नाही. मला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे त्या मुंगीचं मन मला जितकं कळलं तितकं विल्सनलाही कळलं नसेल.

फाइनमनसारखं आपणही करावं म्हणून मी रविवारी सकाळी कामाला लागलो. कडप्पा काळा, पेन्सिल उठत नाही. पण चौतीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या माणसाच्या घरात खडूला तोटा नाही. खिडकीतला खडू घेतला, एक मुंगी निवडली आणि तिच्या मागे मागे रेघ ओढू लागलो. ती वीतभर गेली, लडखडली आणि उताणी झाली. दुसरी घेतली, तीही गेली. तिसरी मेली तेव्हा बायको म्हणाली, "तो शाळेचा खडू नाही जी. मी परवा बाजारातून आणलेला मुंग्यायचा आहे." म्हणजे शास्त्राच्या नावाखाली मी पाहणीतल्या सगळ्या नागरिकांना मारत सुटलो होतो. खडू काम करतो, याची खात्री मात्र झाली. कोरड्या फरशीवर करतो, आणि फरशी पुसली की संपतो, आमच्याकडे फरशी दिवसातून दोनदा पुसतात.

हात धुऊन, शाळेचा खडू शोधून पुन्हा बसलो. दोन तास लागले. रांग ओट्यावरून सिलिंडरच्या मागे उतरली, तिथून मोरीच्या कडेनं भिंतीवर चढली, खिडकीच्या चौकटीतल्या एका फटीतून बाहेर पडली, सांदवाडीच्या भिंतीवरून सरळ कडुनिंबापर्यंत गेली. मी गुडघ्यावर, हातात खडू, मागे मागे. मिलवाल्या भाऊंनी कुंपणावरून पाहिलं आणि काही न बोलता आत गेले, निवृत्त माणसाबद्दल लोकांना फार समज असते. कडुनिंबाच्या बुंध्याशी, मुळाच्या खोबणीत, रांग जमिनीत गेली. खोबणीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी सांडलेलं होतं. बोटानं उचलून पाहिलं. कणीक होती. कणकेत साखर होती.

आमच्या आईचा शनिवारचा नेम आहे. मुंग्यांना पीठसाखर घालायची. शनीसाठी, नातवाच्या नोकरीसाठी, माझ्या गुडघ्यासाठी, कारणं बदलत असतात. नेम तीस वर्षांचा आहे. म्हणजे आत ओट्यावर ज्यांच्यासाठी "हरद टाक" म्हणते, त्यांनाच बाहेर निंबाखाली पंगत वाढते. अंगणातली मुंगी पुण्य आणि ओट्यावरची मुंगी पीडा, मधे फक्त खिडकीची चौकट. मी आत जाऊन सांगितलं, "आई, तू ज्या मुंग्यायले शनिवारी वाढते, त्याच घरात येऊन राहिल्या."

आईनं सुपातल्या तांदळावरून नजर उचलली नाही. चिन्नोर निवडताना ती कोणाकडे पाहत नाही.

"मंग? जेवाले बोलावल्यावर घर पाहाले येनारच."

"पण तू आठवड्यातून एकदा वाढते. बाकीचे सहा दिवस?"

"बाकीचे सहा दिवस तुमी डबा उघडा ठेवता."

याला उत्तर नव्हतं. मी औषधाच्या दुकानात गेलो आणि बोरिक पावडर मागितली. दुकानदार माझा विद्यार्थी. "गुरुजी, कॅरम सुरू केला का?" म्हणाला. मी होय म्हणालो. एकदा मुंग्यांचं नाव काढलं असतं तर त्यानंही हळद सांगितली असती.

या औषधाची गंमत अशी, की ते मुद्दाम कमजोर ठेवायचं असतं. पेलाभर कोमट पाणी, आठ चमचे साखर आणि बोरिक पावडर फक्त अर्धा चमचा. हात सैल सोडून जास्त घातलं तर मुंगी तिथेच मरते आणि निरोप घरी पोचत नाही. कमी असेल तर ती पोटभर पिते, वारुळात जाते आणि तोंडातून तोंडात देत देत आतल्यांना, पिल्लांना आणि शेवटी राणीला पाजते. घाई केली की सगळं फसतं. कापसाचे बोळे त्यात भिजवून मी बाटल्यांच्या झाकणांत ठेवले, मुलांचा आणि मांजरांचा हात लागणार नाही अशा जागी, आणि उरलेल्या बाटलीवर लाल शाईनं 'विष' लिहिलं. चौतीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिलेल्या अक्षरात ते इतकं सुंदर उमटलं की बायकोनं बाटली वरच्या फळीवर, कुलुपात ठेवली.

दुसऱ्या सकाळी झाकणांभोवती मुंग्यांची जत्रा होती. एरवी शंभर दिसायच्या तिथे हजार. हे असंच व्हायला हवं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, घरात कोणाला नव्हतं. बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी मुंग्या मारून राहिले, का त्यांचं बारसं करून राहिले?" मी तिला धीर धरायला सांगितलं. पोळा दोन दिवसांवर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आमच्या भागात नारबोद निघते. नागपूरची मारबत १८८० च्या दशकापासून गाजते आहे, तिचीच ही गावाकडची बहीण समजा. पोरं आरडत-ओरडत तिला वेशीबाहेर नेतात आणि खोकला, पडसं, मच्छर, ढेकूण, जे नको ते सगळं तिच्यासोबत घेऊन जायला सांगतात. मी यंदा पोरांना पेप्सीकोल्याचे पैसे देऊन त्यात मुंग्यांचंही नाव घालायला लावलं. पोरांनी ते असं काही घोळवलं, की ऐकणाऱ्यांना ते गुरुजींचंच नाव वाटलं.

नारबोदही गेली, मुंग्या मात्र गेल्या नाहीत. आठवडाभरात झाकणांतली गर्दी उलट कमी झाली, आणि ओट्यावरची तशीच राहिली. म्हणजे मुंग्या माझं सोडून दुसरंच काही खात होत्या. शनिवार उलटला होता. निंबाखाली जाऊन पाहिलं तर आईचा ढीग नेहमीपेक्षा मोठा. पाहुणे वाढले म्हणून तिनं वाढप वाढवलं होतं. चांगलं अन्न शेजारीच मिळत असताना औषधाच्या पाण्याकडे कोण फिरकेल? कोणत्याही आमिषाचा नियम हाच आहे, बाकीचं खाणं आधी बंद करावं लागतं.

मी आईसमोर बसलो आणि सगळं खरं सांगितलं. बोरिक, कापूस, राणी, सगळं. दोन शनिवार नेम सोड म्हणालो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी पुन्य घालतो, तू पाप घालतो. साखर एकाच डब्यातली."

"दोनच शनिवार, आई."

"आन् शनीची साडेसाती? ते तू घेशील का आपल्या आंगावर?"

साडेसाती अंगावर घेण्याची माझी तयारी नव्हती, आधीच गुडघे आहेत. शेवटी बायकोनं तोड काढली. नेम मोडायचा नाही, फक्त जागा बदलायची. निंबाखाली नको, लांब कुठेतरी. आई "पाहातो" म्हणाली. कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निंबाखालचा ढीग बंद झाला आणि दोन दिवसांत झाकणांवर पुन्हा जत्रा भरली. मी बोळे बदलत राहिलो. आठव्या दिवशी रांग विरळ झाली, बाराव्या दिवशी एकेकट्या, वाट चुकल्यासारख्या फिरणाऱ्या चार-दोन दिसल्या. पंधराव्या दिवशी सकाळी सहाला हाक आली नाही, म्हणून मी घाबरून उठलो. ओटा काळाभोर, रिकामा. साखरेचा डबा एका जागी निवांत. बायकोनं चहा दिला. चष्म्याशिवाय प्यायलो, तळाला होती ती चहापत्तीच होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मिलवाले भाऊ कुंपणाशी आले. दोन्ही हात भिंतीवर ठेवून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडे कमी झाल्या म्हणतात. आमच्याकडे बघा ना, कधी नव्हत्या एवढ्या झाल्या. त्या मागच्या जांभळाखालून निघून राहिल्या. फवारा मारला तर आता तीन रांगा झाल्या. काहून झालं असन हो?"

जांभूळ त्यांच्या मागच्या भिंतीला लागून आहे. तिथे जायला आमच्या सांदवाडीतून एक फाटक आहे. मी आईकडे पाहिलं. ती ओसरीवर सूप घेऊन चिन्नोर निवडत होती, मान खाली.

"हरद टाका," ती म्हणाली.